चौथी रांग, डावीकडचं टोक

नाना,

शोकसभेत मी काही बोललो नाही. गद्रे मास्तरांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं, तिसऱ्यांदा नाव घेऊन म्हणाले, "श्रीकांत, तू तर शेवटपर्यंत जात होतास त्यांच्याकडे. दोन शब्द बोल." मी घसा बसलाय असं खोटंच सांगितलं. जिथे आपल्या तालमी व्हायच्या त्याच शाळेतल्या त्याच वर्गात सभा होती. आम्ही अकराजण होतो आणि प्रत्येकाने आपापला वेगळा बाक धरला होता. पूर्वी एका बाकावर चौघं बसून पाचव्याला "सरक रे" म्हणायचो.

सगळे तुमच्या हसण्याबद्दलच बोलले. प्रकाशने उल्हासनगरच्या प्रयोगाचा किस्सा सांगितला. "मी वहीतलं अख्खं पान खाल्लं होतं. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि एकदम चौथ्या रांगेतून नानांचं हसू! पब्लिक सुटलंच मग. त्या दिवशी माणसाने लाज राखली माझी." सगळे हसले. स्वतःच्या शोकसभेत हशा झाला हे तुम्हाला आवडलं असतं. मी मात्र बाकावरचं कर्कटकाने कोरलेलं कुणाचं तरी नाव वाचत बसलो. त्या किश्शात खरं काय घडलं ते त्या खोलीत मला एकट्यालाच माहीत होतं. ज्या दुसऱ्या माणसाला माहीत होतं, त्याच्या फोटोला आम्ही नुकताच हार घातला होता.

म्हणून हे लिहितोय. तसंही तुम्हाला बोलून सांगण्यापेक्षा लिहून दिलेलं बरं, हे मला फार पूर्वीच कळलं होतं.

पण आधी माझ्या रागाबद्दल सांगू द्या. दोन वर्षं मी तुमच्यावर मनापासून चिडलेलो होतो. शहाऐंशी साली शाळेबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, 'विनोदी नाटकासाठी पात्रनिवड, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, हौशी कलावंतांनी यावे.' मी तेव्हा तेवीस वर्षांचा, रंगाच्या कारखान्यात स्टोअरचा कारकून. वडील नव्हते, आई मुळात कमी बोलणारी. घरात आम्ही दोघं आणि रेडिओ, आणि त्यातल्या त्यात रेडिओच बोलका. दिवसभरात मला सुचलेल्या गमती मी अंबरनाथ स्टेशनपासून घरापर्यंत चालताना स्वतःलाच सांगायचो. त्या खरोखर गमती आहेत की नाहीत हे सांगणारं कुणी नव्हतं. तेवढं कळावं म्हणून मी त्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून आलो.

आपल्या मंडळाची पात्रनिवडीची पद्धत ऐकून मी चाटच पडलो होतो. गद्रे मास्तर लेखक, दिग्दर्शक, सगळं काही. पण ते डोळे मिटून बसायचे. खिडकीजवळच्या बाकावर तुम्ही. तुम्ही नट नव्हता, नेपथ्य करत नव्हता, मंडळाच्या कुठल्याच कागदावर तुमचं नाव नव्हतं. तुमचं काम हसण्याचं. आधी खोल गडगड, मग मांडीवर थाप, मग वरच्या पट्टीत एक लांब सूर, आणि तोवर शेजारचे चारजण हसू लागलेले असायचे. प्रयोगाला तुमची खुर्ची चौथ्या रांगेत ठरलेली. आणि निवडीच्या वेळी नियम एकच, नाना हसले की पास. मास्तर म्हणायचे, "मला माझेच विनोद कळत नाहीत, नानांना कळतात. आठवडाभर आधी वही नेतात आणि पाठ करून येतात. असा रसिक मिळायला भाग्य लागतं." नाटक पाठ कशाला करावं लागतं, असं कधी कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

नाटक होतं 'जावयाची आंघोळ'. पहिला दिवाळसण, जावई पाटावर, अंगाला तेल-उटणं चोपडलेलं, आणि नळाला पाणी नाही. सासरचे काही कबूल करायला तयार नाहीत. आपल्याकडे हे नाटक समजावून सांगायची गरज नव्हती. बारवी धरण उशाला आणि नळातून नुसती शिट्टी, हे घरोघरचं होतं. मी जावयाचं भाषण वाचायला उभा राहिलो, सासऱ्यांची वाक्यं मास्तर डोळे मिटूनच म्हणत होते. पहिल्या दोन ओळींना तुम्ही हसलात. गडगड झाली, थापही पडली. माझा आवाज मोकळा झाला. तिसऱ्या ओळीला लाईट गेली.

माझी पाळी येईपर्यंत दिवस मावळला होता, बाहेर आभाळ भरलेलं होतं, त्यामुळे वर्गात मिट्ट काळोख झाला. कागद दिसेना. मास्तर म्हणाले, "थांबायचं नाही, चालू दे." आणि मी एक वाक्य पदरचं टाकलं. ते कुठून आलं ते मला आजही माहीत नाही. तो अख्खा वर्ग हसला. प्रकाश, बँकेतल्या कुलकर्णीबाई, दाराशी उभा असलेला शाळेचा शिपाई, खुद्द मास्तर. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर माणसं हसत होती आणि मी अंधारात उभा राहून ते ऐकत होतो.

लाईट आली. सगळे डोळे पुसत होते. तुम्ही मात्र भिंतीसारखे बसला होतात. मास्तरांनी विचारलं, "काय नाना?" तुम्ही एकेकाच्या तोंडाकडे पाहिलंत. मग माझ्याकडे. मग म्हणालात, "मला नाही हसू आलं."

नियम म्हणजे नियम. जावयाचं काम प्रकाशला गेलं आणि माझ्या हातात वही देऊन मास्तर म्हणाले, "तू प्रॉम्प्टिंग कर. आवाज चांगला आहे, विंगेतून स्पष्ट जाईल." घरी आल्यावर आईने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "घेतलं." ते खोटंही नव्हतं.

त्यानंतर तालमींत तुमचं माझं जमायचं नाही ते नाहीच. कुणी पदरचं वाक्य घातलं की तुम्ही उठून उभे राहायचात. "लेखकाने लिहिलंय तेवढंच बोला. हे काय गावच्या जत्रेतलं सोंग आहे?" मी वहीतून डोकं वर काढून म्हणायचो, "नाना, विनोद त्या क्षणी सुचतो. लिहिलेल्यापेक्षा सुचलेला मोठा." तुम्ही म्हणायचात, "सुचलेला विनोद म्हणजे अळवावरचं पाणी. आज आहे, उद्या नाही." चहा पिताना भांडायचो, गेटपर्यंत भांडायचो. एकदा रागाच्या भरात मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुम्हाला विनोद कळतच नाही नाना, तुम्हाला फक्त वही कळते." तुम्ही हसलात. ते त्या गडगडाटातलं हसू नव्हतं. चप्पल घालून निघून गेलात. मला त्या वेळी आपण जिंकलो असं वाटलं. त्या वाक्याबद्दल मी तुमची माफी कधी मागितली नाही. आता मागतो.

मग उल्हासनगरचा प्रयोग. कारखान्यांच्या मंडळांची स्पर्धा होती, हॉल भरलेला. मी डाव्या विंगेत स्टुलावर, मांडीवर वही, हातात छोटी बॅटरी. प्रकाश पाटावर बसला होता, सासूबाईंनी त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकून तेल चोळायला सुरुवात केली, आणि टॉवेलखाली प्रकाश गडबडला. एक अख्खं पान त्याने गाळलं. मी ओळ फेकली, त्याने ऐकली नाही. तो पुढच्या पानावरचं गंभीर वाक्य बोलून मोकळा. सासूबाई गप्प. हॉल गप्प. माझं बोट अजून गाळलेल्या पानावर होतं, बोटाखाली त्या पानातला सगळ्यात मोठा विनोद होता, आणि नेमक्या त्या ठिकाणी चौथ्या रांगेतून तुमचं हसू आलं. गडगड, थाप, लांब सूर.

कुणीच न बोललेल्या वाक्याला तुम्ही हसला होतात, नाना.

लोकांनी मागे वळून पाहिलं आणि तुमच्या हसण्यालाच हसायला लागले. प्रकाशला धीर आला, नाटक सावरलं. पण मी तुमच्याकडे पाहत होतो. तुमचा हात मांडीवर थाप मारून तसाच राहिला होता. तुम्ही आजूबाजूच्या तोंडांकडे पाहत होतात, शाळेत चुकीच्या वर्गात शिरलेल्या मुलासारखे. मग तुमची नजर विंगेकडे आली. मी वहीवर बोट ठेवून बसलो होतो. तुम्ही ते बोट पाहिलंत.

त्या एका मिनिटात मला सगळं कळलं. कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये वीस वर्षं तुमच्या कानांशी पत्र्यावर पडणारे घण. चौथी रांग, कारण तिथून नटांचे ओठ नीट दिसतात, आणि आज प्रकाशचे ओठ टॉवेलखाली होते. आठवडाभर आधी नेलेली वही. पदरच्या वाक्यांवरचा राग. आणि तो अंधार. तुम्ही माझ्या वाक्याला हसला नव्हतात, कारण ते तुमच्यापर्यंत आलंच नव्हतं. अंधारात ओठ दिसत नव्हते, वहीत ते वाक्य नव्हतं, बाकीचे हसताहेत हेसुद्धा तुम्हाला लाईट आल्यावर कळलं असणार. दोन वर्षांचा राग एका मिनिटात निघून गेला आणि त्याच्या जागी काय ठेवावं ते मला समजेना. सगळे मेकअप उतरवत असताना मास्तर तुमचा हात धरून म्हणाले, "नाना, आज तुम्ही नाटक वाचवलंत!" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "असं काही नाही हो."

मी कुणाला सांगितलं नाही. पुढच्या प्रयोगाच्या दिवशी दुपारी वही घेऊन तुमच्या घरी आलो. काकूंनी दार उघडलं. मी म्हटलं, "मास्तरांनी काही पानं कापली आहेत, काही नवीन घातलंय. म्हटलं नानांना दाखवावं." मास्तरांनी मला पाठवलेलं नव्हतं. तुम्ही खिशातून लाल पेन्सिल काढलीत, एकेक पान उलटलंत, आणि हशांच्या जागी बारीक खुणा केल्यात. निघताना काकू जिन्यापर्यंत आल्या. "कांदेपोहे खाऊन जायचं होतंस," म्हणाल्या, आणि मग हळूच, "त्यांच्याशी बोलताना समोर उभा राहत जा हां बाळा." या विषयावर आपल्या तिघांत एवढंच एक वाक्य बोललं गेलं.

त्या प्रयोगाला तुम्ही बसलात चौथ्याच रांगेत, पण डावीकडच्या टोकाला. मास्तर म्हणाले, "अहो, मध्ये बसा की!" तुम्ही म्हणालात, "इथे वारा लागतो." तिथून माझी विंग दिसायची. पान गळलं की मी पांढरा रुमाल खांद्यावर टाकायचो, गाडी रुळावर आली की काढायचो. असं करू या असं आपण ठरवलं नव्हतं. पुढची पाच वर्षं, नऊ नाटकं, तुमचं एकही हसू चुकलं नाही.

लोक मला विचारायचे, तू परत निवडीला का उभा राहत नाहीस? मी म्हणायचो, विंगेत कुणीतरी हवं ना. तुमच्यासाठी मी स्टेज सोडलं असं म्हणायला बरं वाटतं, आणि त्यात थोडं खरंही आहे; मी पाटावर बसलो असतो तर रुमाल कुणी टाकला असता? पण शपथेवर सांगतो, बाकीची निव्वळ भीती होती. त्या अंधारात मी एकदा लोकांना हसवलं होतं. उजेडात तेच पुन्हा जमलं नसतं तर तेही हातचं गेलं असतं. तेव्हा तुमचं बहिरेपण मला सोयीचं होतं, नाना. तुम्ही मला लपायला जागा दिलीत आणि मी तुम्हाला.

त्या जांभळ्या कापडाची आठवण आहे? पुढच्या एका नाटकातल्या हवालदाराच्या गणवेशासाठी खाकी आणायला आपण दोघं उल्हासनगरला गेलो होतो. दुकानदार सिंधी, तोंडात पान, आणि बोलताना त्याची पाठ आपल्याकडे, कारण तो फळीवरचे तागे काढत होता. "साईं, खाकी खतम है. ये देखो, नया माल, पार्टी-वार्टी में सब यही ले जाते हैं. काट दूं?" तुम्ही त्याच्या पाठीकडे बघून म्हणालात, "हां हां, बढिया!" त्याने कात्री चालवली. चमचमतं जांभळं कापड. तुम्ही ते पाहिलंत, मी पाहिलं. मी एक शब्द बोललो असतो तर कापड परत फळीवर गेलं असतं. पण मग तुम्हाला त्या दुकानात, त्या माणसासमोर, ऐकू येत नाही हे कबूल करावं लागलं असतं. मी म्हटलं, "छान आहे, नाटक विनोदीच आहे."

प्रयोगात जांभळा हवालदार आत आला तेव्हा हॉल कोसळला. आणि मी विंगेतून तुमच्याकडे पाहिलं, तर तुमचा गडगडाट नाही, थाप नाही. तुम्ही तोंडावर हात धरून बसला होतात आणि तुमचे खांदे हलत होते. आवाज काहीच नाही. डोळ्यांतून पाणी. तेव्हा मला कळलं की तुमचं खरं हसू असं असतं. काकू सोडून ते कुणीच पाहिलं नव्हतं. ते हसू मला माझ्यासाठी हवं होतं, आणि ही हाव मी कधीच सोडली नाही.

काकू गेल्या तेव्हा तुम्ही प्रयोगाला येणं थांबवलंत. मग मंडळही थांबलं. घरोघर केबल आली, तालमीला चारजणही जमेनात, शाळेने वर्ग दुसऱ्या कुणाला दिला. कुणी भांडलं नाही, कुणी बंद करू या म्हणालं नाही. माझी आई गेल्यावर मी बदलापूरला छोटा ब्लॉक घेतला, तुम्ही तिथेच, अंबरनाथ पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर. रविवारी दुपारी मी यायचो. मी समोरच्या खुर्चीवर बसायचो, उजेड माझ्या तोंडावर पडेल असा, आणि आपण जुन्या वह्या काढून वाचायचो. कधी तुम्ही सासरे, कधी मी. हशांच्या जागी दोघंही थांबायचो, जणू समोर हॉल आहे. सोमवार ते शनिवार माझ्याशी कुणी दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही. तुमच्याशीही कुणी बोलत नसावं. आपण दोघांनी याची वाच्यता केली नाही, पण रविवार चुकवला नाही.

आणि मग तो रविवार. तुमच्या मुलीने पुण्याहून कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते डबीतल्या डबीत टेबलाच्या खणात पडलेलं मी पाहिलं होतं. 'जावयाची आंघोळ' वाचून झालं होतं. तुम्ही वही मिटलीत, पेन्सिल खिशाला लावलीत, आणि माझ्याकडे सरळ पाहून म्हणालात,

"श्रीकांता, त्या दिवशी लाईट गेली, तेव्हा तू काय बोललास रे?"

बारा वर्षं, नाना. बारा वर्षांत तुम्ही कधी त्याचं नाव काढलं नव्हतं. "कुठल्या दिवशी?" मी विचारलं, जणू मला आठवतच नाही.

"निवडीच्या दिवशी. सगळे हसले होते. मी नंतर मास्तरांना विचारणार होतो, पण कसं विचारणार? मग राहूनच गेलं. सांग की. काय होतं?"

मला आनंद व्हायला हवा होता. पण आधी राग आला. एवढी वर्षं तुम्हाला ठाऊक होतं. मी चांगला होतो की नाही ते तुम्हाला कळलेलं नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, तरी तुम्ही म्हणालात, मला हसू आलं नाही. एवढं म्हटलं असतंत की पुन्हा वाचू दे, तरी चाललं असतं. आणि त्या रागाखाली ती जुनी भीती. समजा सांगितलं, आणि तुम्ही नुसती मान हलवलीत, "बरं आहे" म्हणालात, तर? मी उठलो आणि म्हणालो, "पुढच्या रविवारी सांगतो. पण मशीन लावून बसा. असं ओठ बघून नाही सांगणार."

दहा वर्षं आपण जे नाव न घेता सांभाळलं ते मी चहाच्या कपाशेजारी आपटलं. तुमचे डोळे खणाकडे गेले. तुम्ही म्हणालात, "बरं," आणि कपबशा आत घेऊन गेलात. आत नळ बराच वेळ वाहत राहिला. मी जिना उतरलो.

पुढच्या रविवारी मी आलो नाही. पाहुणे नव्हते, ताप नव्हता, काही नव्हतं. तोंड दाखवायची लाज वाटली. दुपारभर घरी पडून राहिलो आणि म्हटलं, त्यापुढच्या रविवारी जाऊ, तोवर दोघंही विसरू. मंगळवारी सकाळी तुमच्या शेजारच्या वहिनींनी कारखान्यात फोन केला.

शोकसभा संपल्यावर त्या वहिनी मला शाळेच्या दारात भेटल्या. म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही त्या रविवारी आला नाहीत का हो? नानांनी कानाला मशीन लावलं होतं. मी डाळ द्यायला गेले तर पंखा बंद. एवढ्या उकाड्यात! म्हटलं नाना, पंखा का बंद? तर म्हणाले, त्याचा फार आवाज होतो, ऐकू यायला पाहिजे. संध्याकाळपर्यंत तसेच बसले होते, दोन खुर्च्या समोरासमोर मांडून."

नाना, मी काय करू याचं? कुणाला सांगू? ज्याला सांगावं असा एकच माणूस होता. काल रविवार होता. अडीच वाजता मी सवयीने शर्ट घातला, चपला घातल्या, आणि दाराशी उभा राहून मग परत काढल्या.

तुमच्या मुलीने वह्या माझ्याकडे दिल्या आहेत. 'जावयाची आंघोळ'ची वही आत्ता समोर आहे. जावयाच्या त्या भाषणात पहिल्या दोन ओळींपुढे तुमची लाल खूण आहे. तिसऱ्या ओळीशेजारच्या समासात काही नाही, कोरी जागा. आज मी तिथे ते वाक्य शाईने लिहिलं. प्रयोगाच्या दिवशी पानं दाखवायला यायचो, तसंच हे एक पान समजा. उशीर झालाय खरा. सासरे म्हणतात, "पाणी येईल हो, पाइपात आहे," तेवढ्यात लाईट जाते, आणि त्या अंधारात पाटावर बसलेला जावई म्हणतो,

"बरं झालं मामंजी, दिवे गेले. आता तुम्ही नुसता तांब्या वाजवा, मी भिजल्यासारखं करतो."

एवढंच होतं. लाल खूण मी केलेली नाही. गडगडाट नको, थाप नको. नुसते खांदे हलले तरी चालेल.